वेगळं दालन कशाला?
रत्नागिरीच्या प्रदर्शनात दिव्यांग कलाकारांना वेगळं दालन द्यावं, म्हणजे लोकांचं लक्ष जाईल, अशी सूचना कुणीतरी केलीय. हेतू चांगला, पण मला अजिबात पटत नाही. अशा दालनात माणसं कौतुक करायला जातात, चित्र बघायला नाही. इंग्लंडात हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावात 'प्रोजेक्ट आर्ट वर्क्स'मध्ये स्वमग्न, मतिमंद म्हणून बाजूला काढलेले आणि इतर कलाकार एकत्र काम करतात. टर्नर पुरस्कार हा ब्रिटनमधला दृश्यकलेचा नावाजलेला पुरस्कार; २०२१मध्ये त्याचं नामांकन अख्ख्या गटाला मिळालं होतं.

आणि आपल्याकडे? आमच्या गावच्या गणपतीच्या शाळेत डोळ्यांची आखणी एक कर्णबधिर काका करतात, मातीकाम आणि रंग बाकीचे. मूर्ती न्यायला आलेला माणूस आखणी कशी उतरलीय तेवढंच बघतो. प्रदर्शनातही कामं अशीच शेजारी-शेजारी लावा, आणि दोघांनी मिळून केलेल्या कामाखाली दोघांचीही नावं सारख्याच अक्षरांत द्या.