पूडल-संकरित कुत्र्यांची अंगकाठी : वजनाचा आकडा पुरेसा आहे का?

मोजपट्टी (मूळ मजकूर)

पूडल-संकरित, म्हणजे कुरळ्या केसांचा पूडल आणि दुसऱ्या जातीचा कुत्रा यांच्या संकरातून झालेले, पिल्लू घरी आणू पाहणारा माणूस सहसा एकच प्रश्न विचारतो, की पूर्ण वाढ झाल्यावर याचे वजन किती भरेल. आणि विकणाराही "सात ते दहा किलो" असे ठोकून देतो. माझे म्हणणे असे, की या आकड्यावरून कुत्र्याच्या बांध्याविषयी जवळजवळ काहीच कळत नाही.

आमच्या घरचा कॉकापू (कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांचा संकर) आणि एका स्नेह्यांकडे गेलेला त्याचा भाऊ ही एकाच वेतातली पिल्ले. दोघेही आज नऊ किलोंचे आहेत आणि कोरडे असताना जुळे वाटतात, कारण कुरळे केस सगळे झाकून टाकतात. मागे दोघांना एकत्र आंघोळ घातली आणि केस अंगाला चिकटले, तेव्हा खरा प्रकार दिसला. आमचा उंच पायांवर चौकोनी उभा होता. भावाचे पाय आखूड, पुढचे पंजे किंचित बाहेर वळलेले आणि पाठ लांबलचक. टेप लावून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजले, तर आमचा ३७ सेंटिमीटर आणि भाऊ ३१ भरला.

पूडलचा बांधा मुळात चौकोनी असतो, म्हणजे छातीच्या हाडापासून पार्श्वभागाच्या टोकापर्यंतची लांबी साधारण खांद्याच्या उंचीइतकी असते. त्यामुळे आखूड पायांचे खापर आपण लगेच कॉकरवर फोडतो. परंतु एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत काही कुत्र्यांच्या १२व्या गुणसूत्रावर असते, आणि आखूड पायांशी तसेच मणक्यांमधल्या गाद्या अकाली कडक होऊन सरकण्याशी तिचा संबंध आहे, हे २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवले. ही प्रत मिनिएचर आणि टॉय या लहान आकाराच्या पूडलमध्येही बरीच आढळते. आई-बापांपैकी एकाकडे अशी एकच प्रत असेल, तर निम्म्या पिल्लांत ती उतरण्याची शक्यता असते. आमच्या दोन भावांत तेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे. तेव्हा वजन विचारण्याऐवजी आई-बापांची ही चाचणी झाली आहे का, हे विचारावे, आणि झाली नसेल तर पिल्लू घेऊ नये.

वाटसरू

आपले निरीक्षण बारीक आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. ही प्रत असलेल्या कित्येक कुत्र्यांना आयुष्यभर पाठीचा त्रास होत नाही. धोका वाढतो हे खरे, पण वाढलेला धोका म्हणजे आजार नव्हे. ज्या जातींत बहुतेक कुत्र्यांकडे ही प्रत आहे, तिथे ती असलेली सगळीच कुत्री प्रजननातून वगळली, तर उरलेल्या मूठभर कुत्र्यांच्या आपसातल्या संबंधांतून दुसरेच आनुवंशिक दोष डोके वर काढतील.

शिवाय वजनाला निरुपयोगी म्हणणे चुकीचे आहे. ज्याची पाठ लांब आहे, त्याच्या अंगावर दोन किलो चरबी चढली तर त्रास त्याच पाठीला होतो. केसांखाली फासळ्या हाताला लागतात की नाही, हे दर महिन्याला चाचपून पाहणारा मालक कुत्र्याचे जितके भले करतो, तितके नुसता चाचणीचा कागद करणार नाही.

मोजपट्टी

फासळ्यांबद्दलचे म्हणणे मान्य. मी "निरुपयोगी" असे म्हटलेले नाही, पण रोख तसा वाटला असेल. प्रजननाबद्दलचा मुद्दा मात्र इथे लागू होत नाही. आपण सांगता ती अडचण बंदिस्त जातींची आहे. डॅक्सहुंडची पैदास करणाऱ्याला डॅक्सहुंडच वापरावे लागतात. पूडल-संकर करणाऱ्यावर तसे कोणतेच बंधन नाही, आणि ही प्रत नसलेला पूडल शोधणे त्याच्या हातात असते. मोकळीक असूनही निवड करायची नाही, आणि वर "संकर म्हणजे आरोग्य" अशी जाहिरात करायची, हे मला खटकते.

जुनापुराणा

आपण दोघेही लहान संकरांविषयीच बोलत आहात. ऑस्ट्रेलियात वॉली कॉन्रन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अंध व्यक्तींच्या मार्गदर्शक कुत्र्यासाठी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला, तो स्टँडर्ड, म्हणजे सर्वांत मोठ्या आकाराचा, पूडल वापरून. त्यांना कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी असलेल्या घरात काम करू शकेल असे जनावर हवे होते. खिशाएवढे पिल्लू नव्हे. स्टँडर्ड पूडल आणि लॅब्राडॉर उंचीला एकमेकांच्या जवळ असल्यामुळे पिल्लांच्या आकारात फारशी अनिश्चितता राहत नाही.

गोंधळ सुरू होतो तो ३० किलोंच्या गोल्डन रिट्रीव्हरला सहा-सात किलोंचा मिनिएचर पूडल जोडल्यावर. पहिल्या पिढीची पिल्ले बहुधा मधल्या आकाराची आणि बऱ्यापैकी सारखी निघतात. अशाच दोन मधल्यांचा पुढे संकर केला, की आकार ठरवणारी जनुके नव्याने पिसली जातात आणि एकाच वेतात एक आजीवर, तर दुसरे आजोबांवर जाते. म्हणून वजन किंवा चाचणी विचारण्याआधी पिढी विचारावी, असे माझे मत आहे.

आणि मोजपट्टी यांना एक शंका : दोन्ही भावांची नसबंदी एकाच वयात झाली होती का? हाडांच्या टोकांशी असलेले वाढीचे कूर्चापट्टे बंद होण्याआधी नसबंदी केली, तर ते उशिरा बंद होतात आणि पाय थोडे अधिक लांबतात. सहा सेंटिमीटरचा सगळा हिशेब एकाच जनुकाच्या नावे मांडण्याची घाई नको.

मोजपट्टी

शंका रास्त आहे. आमच्या कुत्र्याची नसबंदी सातव्या महिन्यात झाली, भावाची पूर्ण वाढ झाल्यावर. काही सेंटिमीटर त्या खात्यात गेले असतील. बाहेर वळलेले पंजे मात्र त्यातून येत नाहीत.

या चर्चेमुळे आम्ही दोघांच्याही गालातला नमुना घेऊन तपासायला दिला होता. निकाल आला आहे, आणि त्यात माझा अंदाज चुकला. भावाकडे १२व्या गुणसूत्रावर दोन प्रती आहेत, म्हणजे आई आणि बाप दोघांकडेही ती होतीच. आणि ज्याचा चौकोनी बांधा मी इतका मिरवला, त्या आमच्या कुत्र्याकडेही एक प्रत आहे. पायांची लांबी कमी-अधिक होणे प्रतींच्या संख्येवर अवलंबून असले, तरी गादीचा धोका वाढायला एकच पुरते.

वाटसरू

म्हणजे टेपनेही फसवलेच की! आता सोफ्यावरून उड्या मारणे दोघांचेही बंद करावे लागेल.

मोजपट्टी

सोफ्याला उतरण लावली आहे. भाऊ तिच्यावरून निमूट उतरतो. आमचा अजून बाजूने उडी मारतो.