जुन्या फ्लॅटचं वायरिंग बदलायचंय, काम सुरू व्हायच्या आधी वायरमनशी काय काय ठरवून घेऊ?

नमस्कार मंडळी. पुण्यात सहकारनगरला आमचा १९८४ च्या बिल्डिंगमधला फ्लॅट आहे, वायरिंग तेव्हाचंच, म्हणजे चिनीमातीचे फ्यूज, आत अ‍ॅल्युमिनियमची वायर आणि निम्म्या सॉकेटना तिसरं भोक आहे पण मागे अर्थिंगची वायरच नाही. त्याच्यावरच गीझर, एसी, इंडक्शन सगळं चाललंय. दिवाळीआधी पूर्ण बदलून घ्यायचंय.

वायरमन ओळखीतला आहे, काम सफाईदार करतो, पण चालू लाइनवरच करतो, तेही हवाई चपला घालून. मेन पाडा म्हटलं की "काही होत नाही ताई, रोजचंय आपलं". त्याचं रोजचं असेल हो, माझा जीव टांगणीला लागतो त्याचं काय! त्यात घरी ऐंशीच्या पुढच्या सासूबाई आणि सहावीतला मुलगा, दोघांना कुठे पाठवता येणार नाही, म्हणजे एकेक खोली घेत काम होणार, अर्धं घर चालू आणि अर्धं उघड्या वायरींचं.

खरी भीती इन्व्हर्टरची. काल मेन पाडून बघितला तर हॉलचा पंखा आपला गरगर फिरतोय. मग मेन बंद केला एवढ्यावर कुणी बोर्डात हात घालायचा का? आणि कोटेशनमध्ये सगळीकडे दीडची (१.५ चौ. मिमी) वायर लिहिलीये, आरसीसीबीचं (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नावच नाही. सामान तपकीर गल्लीतून, म्हणजे इथल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून, आम्हीच आणणार आहोत, तर काय आणू?

प्रतिसाद १:
इन्व्हर्टरचं बरोबर पकडलंत. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आउटपुट काढून ठेवा आणि बॅटरीची वायर वायरमनलाच सोडवू द्या. मेन पाडल्यावर फ्यूज काढून त्याच्याच खिशात ठेवायला सांगा, नाहीतर घरातलं कुणीतरी "लाइट गेले वाटतं" म्हणून वर करतं. नुसत्या टेस्टरवर जाऊ नका. मल्टीमीटर आधी चालू सॉकेटला लावून बघायचा, मग बंद केलेल्या बोर्डात, मग परत चालूवर, म्हणजे मीटरच मेलेला नव्हता हे कळतं. आणि मीटरपासून मेनपर्यंतची वायर मेन पाडला तरी जिवंतच असते, तिथे काही करायचं तर सप्लाय त्याच्याही आधीच्या जागी तोडावा लागेल. मीटरच्या सीलला हात लावू देऊ नका, ते महावितरणचं काम.

प्रतिसाद २:
दीडची वायर लाइट-पंख्याला ठीक, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीचची, एसीला चारची आणा, तांब्याचीच. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घ्या. पण तो ओव्हरलोडला पडत नाही, त्याला एमसीबी (जास्त लोड आला की पडणारे स्विच) वेगळे लागतातच. अर्थिंगची वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत ओढून घ्या, आणि खाली सोसायटीचं अर्थिंग खरंच काम करतंय का ते मोजून घ्या, नाहीतर ती हिरवी वायर शोभेची. अजून एक, इन्व्हर्टरचा न्यूट्रल (करंट परत जायची वायर) मेनच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की आरसीसीबी सारखा पडतो, मग वैतागून वायरमन तोच बायपास करून टाकतो. कामाआधीच कागदावर काढून घ्या कुठला पॉइंट कशावर आहे.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे. कागद आज संध्याकाळीच करते आणि मेन पाडल्याशिवाय काम सुरू नाही हेही सांगते. इन्व्हर्टरचा न्यूट्रल वेगळा न्यायचा तर भिंत फोडावी लागेल का, की जुन्या पाइपातूनच ओढता येईल? पाइप अर्ध्या इंचाचे आहेत.