मदत हवी आहे: ड्यूटीच्या वेळेत लेकराला पाजायला सुट्टी मागता येते का? (जालना)

नमस्कार. जालना एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या पॅकिंग विभागात सुपरवायझर आहे. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा भरपगारी मिळाली (ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, मी बसत नाही, कंपनीनेच दिली), तिथे काही तक्रार नाही. अडचण आता सुरू झालीय.

लेकरू सात महिन्यांचं आहे. वरचं खायला लागलंय, पण बाटलीला तोंडच लावत नाही. सासूबाई वाटी-चमच्याने पाजतात, त्यातलं निम्मं सांडतं. खोली चंदनझिऱ्याला आहे, गाडीवर दहा मिनिटं. जेवणाच्या सुट्टीत जाऊन यायचं तर माझं जेवण राहतं. दुपारी पान्हा दाटून छाती दगडासारखी होते. दूध काढायला जागा म्हणजे बाथरूम, आणि तिथे काढलेलं लेकराला पाजायचं मन होत नाही.

एचआरचे साहेब म्हणायलेत, "आपल्याकडे पन्नास माणसं नाहीत, तो कायदा आपल्याला नाही. नवीन लेबर कोड आलेत, जुनं सगळं गेलं." कायमचे तीसेक आहेत, बाकी ठेकेदाराची माणसं. हे खरं आहे का? सुट्टी घेतली तर पगार कापतील का? नोकरी टिकवायची आहे, भांडायचं नाही.

लातूरकर वकील:
ताई, साहेबांनी दोन गोष्टींची गल्लत केलीय. पन्नासचा आकडा पाळणाघरासाठी आहे. २०१७ च्या दुरुस्तीने तो आला, आणि पाळणाघर असेल तिथे आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. पाजण्याच्या सुट्टीचा त्या आकड्याशी संबंध नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ११ मध्ये होतं: मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन सुट्ट्या, त्याही नेहमीच्या विश्रांतीच्या सुट्टीशिवाय. त्याच्याच कलम १३ प्रमाणे त्यापायी पगार कापता येत नव्हता. युनिट कायद्याने कारखाना ठरत असेल तर वेगळा आकडा बघायचा नाही. दुकान-आस्थापना असेल तर दहा पुरेत.

लेबर कोडचं म्हणाल तर त्यांतली सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९६१ चा कायदा गेला, पण दोन सुट्ट्या, पंधरा महिने (कलम ६६) आणि पगार न कापणं (कलम ६९) तिच्यातही तसंच आहे. पन्नास मोजताना ठेकेदाराची माणसं धरायची का, या वादात सध्या शिरू नका. तुमचं काम त्यावाचून होतं.

नर्सताई, नांदेड:
बाथरूममध्ये काढू नका गं. एखादी रिकामी केबिन, आतून कडी, एक खुर्ची, एवढं मागून बघ. काढलेलं दूध बाहेर चार तासच ठेवतात, तेही साधारण पंचवीस अंशांपर्यंत. आपल्याकडच्या एप्रिल-मेत ते विसरूनच जा. फ्रिज नसेल तर बर्फाचे पॅक घातलेली थंड पिशवी ने, त्यात दिवसभर टिकतं. आणि दाटलेलं तसंच ठेवू नकोस, गाठी होऊन ताप भरतो.

धागाकर्ती:
ताई, दादा, खूप आभार. पण दूध काढण्यासाठी ही सुट्टी वापरता येते का? आणि सुट्टी असते किती मिनिटांची?

लातूरकर वकील:
कायद्याचे शब्द "मुलाला पाजण्यासाठी" असे आहेत. दूध काढण्याचा किंवा वेगळ्या खोलीचा उल्लेख नाही, म्हणून ते विनंती म्हणून मागा. मिनिटं नियमांत ठरतात. केंद्राच्या जुन्या नियमांत एकेक सुट्टी पंधरा मिनिटांची, आणि मूल ठेवलेल्या जागेपर्यंत जाण्यायेण्याचे पाच ते पंधरा मिनिटं वेगळे. तुम्हाला घरी जाऊन यायला हे कमीच पडेल. सासूबाईंना लेकरू घेऊन गेटवर येणं जमत असेल तर सोपं, केबिन त्यासाठीही मागता येईल.

तोंडी बोलू नका. साधा अर्ज करा: बाळाची जन्मतारीख, तो पंधरा महिन्यांचा कधी होतो ती तारीख, सुट्टीच्या दोन वेळा. पोच घ्या किंवा ईमेल करा. वेळा लाईन बंद असते त्याच्या आसपासच्या सुचवा, नाही म्हणायला त्यांना कारण उरत नाही. पंधरवड्यात काहीच हललं नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात जाता येतं, पण मला वाटतं अर्जावरच भागेल. मसुदा इथे टाका, बघून देतो.