प्रभुभोजनाआधी समेट : मत्तय 5:23-24 नेमकं कसं पाळायचं?

मोहरीचा_दाणा
जय ख्रिस्त. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. बायबलमधलं मत्तयाचं वचन सांगतं, वेदीपाशी भावाची आठवण झाली तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. समजा, शेताच्या वाटणीत धाकट्या भावाचे 40,000 रुपये आपल्याकडे राहिले आणि बोलणं बंद झालं. आधी माफी की आधी पैसे? त्यानं दारच लावून घेतलं, तर प्रभुभोजन घ्यायचं की टाळायचं?

जुना_द्राक्षमळा
आधी वचन नीट वाचा. ‘तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल’ असं तिथं नाही. ‘त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध’ आहे. म्हणजे जायचं ते चूक करणाऱ्यानं. मत्तय 18:15 उलट आहे, तिथं अपराध भावानं केलेला असतो. ही दोन्ही वचनं एकात मिसळली की माणूस माफी मागायला म्हणून निघतो आणि भावाला जाब विचारून परततो.

शिवाय हे ऐकणारे होते गालीलातले, आणि वेदी यरुशलेमेत. तीन-चार दिवसांची पायपीट! अर्पण तिथं ठेवून घरी जायचं, समेट करून परत यायचं. त्यामानानं आपल्याला फार तर एसटीचं तिकीट.

पैशाचं म्हणाल तर लेवीय 6:5 मध्ये हिशेब आहे: मूळ रक्कम, वर तिचा पाचवा हिस्सा. 40,000 वर 8,000, एकूण 48,000. आणि दोषार्पणाच्या, म्हणजे अपराधाबद्दल वेदीवर अर्पण करण्याच्या, दिवशीच ते ज्याचं त्याला द्यायचं. माफी आणि पैसे तिथं वेगळे काढलेलेच नाहीत.

बेथानीची_वाट
पाचव्या हिश्श्याचा नियम विश्वासणाऱ्यांवर जसाच्या तसा लादू नये असं मला वाटतं. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदारानं चौपट देऊ केलं, तेही कुणी न मागता. पण मुद्दलाखाली यायचं नाही, एवढं नक्की.

जाताना एकट्यानं जा. मंडळीच्या पाळकांना पहिल्याच भेटीत नेलं की भावाला ती पंचायत वाटते. नाताळच्या जेवणात सगळ्यांसमोर विषय काढू नका, तिथं त्याला नाही म्हणायची सोय नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. वाक्य सरळ असावं: ‘वाटणीतले तुझे चाळीस हजार मी ठेवून घेतले, ते चुकलं.’ ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ म्हटलंत की चूक त्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. ‘पण तूही...’ निघालं की संपलंच.

एकदम जमत नसेल तर हप्ते सांगा, पाचव्या हिश्श्यासह 48,000 द्यायचे ठरवलेत तर महिना 6,000 प्रमाणे 8 महिने. तारीख ठरवून खात्यावर टाका. घरात बायकोला आधी माहीत हवं, नाहीतर दुसऱ्या हप्त्यालाच भांडण.

मोहरीचा_दाणा
आणि दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देतो तो? तो थांबवून हप्ते फेडायचे का?

जुना_द्राक्षमळा
मार्क 7:11 मधलं ‘कुर्बान’ आठवा. देवाला वाहिलं म्हणून आईबापांचं देणं टाळणाऱ्यांना येशूनं तिथं फटकारलं आहे. भावाच्या पैशातून दानपेटी भरणं त्याच जातीचं. आपल्या कमाईचा दशांश चालू ठेवा, हप्ता घरखर्चातून काढा. थोडं टोचायला हवंच. भाऊ हयात नसेल तर गणना 5:8 प्रमाणे त्याच्या जवळच्या नातलगाला, म्हणजे आज त्याच्या वारसांना.

बेथानीची_वाट
दार लावून घेतलं तर रोम 12:18 बघा: तुमच्याकडून होईल तितकं. पैसे खात्यावर जाऊ द्या, ते त्याच्या माफीवर अवलंबून नाहीत. ‘ख्रिस्ती आहेस ना, मग माफ करायलाच हवं’ हे मात्र तोंडून काढू नका.

प्रभुभोजन टाळू नका. 1 करिंथ 11:28 सांगतं, स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. टाळायचं ते कधी, तर जायचं आहे हे कळूनही ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत असाल तेव्हा. पहिला रविवार यायच्या आधीचा शनिवार मोकळा ठेवा.