मदत हवी आहे: मधमाश्यांना निळा रंग शिकवला, पण त्या भलतंच शिकल्या

परसबागवाली:
लेक नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी मधमाश्यांना रंग शिकवायचं तिने डोक्यात घेतलंय. सासऱ्यांच्या परसात सातेरी जातीच्या मधमाश्यांची एक पेटी आहे, म्हणून हे धाडस.

पेटीपासून पंधरा-वीस पावलांवर स्टुलावर दोन पुठ्ठे मांडले. एकाला निळा घोटीव कागद, दुसऱ्याला पिवळा. निळ्यावरच्या वाटीत साखरपाणी, पिवळ्यावर साधं पाणी. पहिल्या दिवशी कुणी फिरकलंच नाही. मग सासऱ्यांनी काडी साखरपाण्यात बुडवून पेटीच्या दाराशी धरली, तीन-चार माश्या चाटायला बसल्या आणि त्यांना काडीसकट अलगद वाटीपर्यंत आणलं. तासाभरात रांग लागली. तीन दिवस निळ्यावर झुंबड, पिवळ्यावर एखादीच. घरात आनंदीआनंद.

काल मी सहज पुठ्ठे वाट्यांसकट इकडचे तिकडे केले. माश्या सरळ पिवळ्यावर! लेकीचा चेहरा बघवेना. त्यांना रंग कळतच नाही, की आमचं शिकवणं चुकलं? प्रदर्शनाला अकरा दिवस उरलेत.

घाटमाथा:
ताई, माश्या नापास नाहीत. तीन दिवस गोड वाटी निळीही होती आणि डावीकडचीही. त्यांनी सोपं ते धरलं. आता जागेचा भरवसाच राहू देऊ नका. दर पाच-दहा मिनिटांनी पुठ्ठे हलवा, पण डावं-उजवं-डावं असं ठरावीक नको, नाणं उडवा.
आणि पिवळ्यावर साधं पाणी का? उन्हाळ्यात माश्या पाणीही गोळा करून नेतात, पेटी गार ठेवायला लागतं त्यांना. म्हणजे तुम्ही दोन्हीकडे बक्षीस ठेवलंय! तिथली वाटी रिकामी ठेवा.

चष्मिष्ट:
वरच्यात एक भर. जागा बदलूनही माश्या निळ्यावर आल्या, तरी 'रंग कळतो' एवढं सिद्ध होत नाही. घोटीव कागदांचा काळा-पांढरा फोटो काढून बघा, निळा गडद दिसेल, पिवळा फिकट. ज्याला रंग दिसतच नाही तोसुद्धा एवढा फरक ओळखेल.
हा वाद शंभर वर्षं जुना आहे. जर्मनीत कार्ल फॉन हेस नावाचे नेत्रतज्ज्ञ होते, त्यांचं म्हणणं मधमाशी रंगांधळी. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना ते पटेना, फुलांनी मग एवढे रंग धारण केले कुणासाठी? त्यांनी माश्यांना निळ्या कागदावर साखरपाणी पाजलं आणि मग तो निळा कागद फिकट ते गडद अशा अनेक राखाडी कागदांच्या मध्ये ठेवला. नुसत्या उजेड-अंधारावर ओळखायचं तर कुठल्यातरी राखाडीशी गफलत व्हायलाच हवी होती. माश्या निळ्यावरच उतरल्या. 1914 मध्ये त्यांनी हे काम छापलं. पुढे 1973 चं नोबेल मिळालं, त्यात माश्या नाचून एकमेकींना खाण्याची जागा सांगतात या शोधाचा वाटा मोठा, पण सुरुवात ही अशी पुठ्ठ्यांनीच.
लेकीला सांगा, राखाडी छटा घरच्या प्रिंटरवर निघतात. लाल मात्र घेऊ नका, लाल आणि काळपट करडा यांत माश्यांचा घोळ होतो.
चाचणीच्या वेळी सगळ्या वाट्या कोऱ्या आणि रिकाम्या. जिथे पोटभर मिळालं तिथे माशी स्वतःचा वास सोडून जाते, मागची त्या वासावर येते.

मोतीचा बाबा:
निळ्यासमोर आकाशी ठेवून बघा, खरी मजा येईल.

घाटमाथा:
दादा, एवढ्यात नको. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्याचं काय झालं ते आठवा. वर्तुळ दिसलं की खाणं, लंबवर्तुळ दिसलं की काही नाही. हे त्याला छान जमलं. मग लंबवर्तुळ गोल-गोल करत नेलं आणि प्रमाण नवास आठवर आल्यावर कुत्रा केकाटायला, पट्टे चावायला लागला. आधी येत होतं तेही विसरला. आधी ढळढळीत फरक पक्का होऊ दे.

मोतीचा बाबा:
आमच्या मोतीला मटणाची पिशवी आणि भाजीची पिशवी जिन्यातूनच कळते, एकदाही शिकवलं नाही.

परसबागवाली:
सगळ्यांचे आभार. चार दिवस नाणं उडवलं. आज नव्या रिकाम्या वाट्या, पाच मिनिटांची चाचणी. लेक भिंतीवर खडूने रेघा मारत होती. निळ्याच्या रेघा खिडकीपर्यंत गेल्या, पिवळ्याच्या सहाच.
मग राखाडीचे बारा पुठ्ठे मांडले. निळ्यावर गर्दी आहेच, पण एका मधल्या राखाडीवरही माश्या सारख्या उतरतात, बाकी अकरांकडे ढुंकून बघत नाहीत. निळा आणि ती छटा त्यांना सारखीच दिसते की काय?

चष्मिष्ट:
तोच पुठ्ठा कोरा छापून पुन्हा ठेवा. जुन्यावर बोट फिरवून बघितलंत का?

परसबागवाली:
चिकट आहे. 🤦‍♀️ सकाळी धाकट्याने साखरपाण्याची बरणी त्यावरच ठेवली होती.