साफसफाईचं वेळापत्रक टिकतच नाही, कसं बसवावं?

प्रश्न: दोघंही नोकरी करतो. रविवारी सगळी सफाई एकदम काढली की अर्धा दिवस जातो आणि बुधवारपर्यंत पुन्हा तेच. टिकेल असं काय करता येईल?

उत्तर १: रविवारचा ढीग मोडा. रोज तीनच कामं पक्की: ओटा, सिंक, केर. १५-२० मिनिटं पुरतात. बाकी एका वाराला एकच खोली. क्रम वरून खाली, आधी कोरडं मग ओलं: पंखा, कपाटं, केर, शेवटी फरशी. उलट केलंत तर पुसलेल्या फरशीवर पुन्हा धूळ पडते.

उत्तर २: बाथरूमला वेगळा वार द्याच. नळावरचे पांढरे डाग क्षारांचे, साबणानं जात नाहीत. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं भिजवा, नळाला १५ मिनिटं गुंडाळा, मग धुवा. संगमरवरावर अजिबात नको, आम्लानं चकाकी जाते. आणि कृपा करून ब्लीचमध्ये आम्ल कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो! अंघोळीनंतर टाइल्सवरचं पाणी वायपरनं ओढलं तर क्षार फारसे साठत नाहीत.

उत्तर ३: मायक्रोफायबरची फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. धाग्यांवर थर बसतो, मग धूळ नीट धरत नाहीत.