अनुभव धागा : निवृत्तीनंतरचा लांबचा प्रवास आणि बिघडलेले हवामान

नोकरीची वर्षे संपल्यावर दोघांनीच गाडी काढून लांब जायचे, ही इच्छा अनेकांनी मनात जपलेली असते. पण वाटेत पाऊस, धुके किंवा बर्फ आडवे आले की साठीपुढच्या दोघांनी काय करावे, हे फारसे कुणी लिहीत नाही. आपापले अनुभव सविस्तर लिहावेत. कुठे थांबलात आणि थांबायचे कुणी ठरवले, हे अवश्य सांगावे. सुरुवात मी करते.

ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही बंगळूरहून, लेकीकडून, पुण्याला परतत होतो. धारवाडच्या पुढे पाऊस इतका वाढला की पुढच्या ट्रकचे मागचे दिवेही मधूनच दिसेनासे होत. कोल्हापूर गाठावे, तिथे आपली माणसे आहेत, असे ह्यांचे म्हणणे होते. मी मात्र बेळगावलाच थांबायचा हट्ट धरला, कारण ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन दिवसांपुरत्याच उरल्या होत्या आणि औषधाचे दुकान हाकेच्या अंतरावर असेल अशाच ठिकाणी मला मुक्काम हवा होता. पुढे शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. लॉजच्या खोलीत दोरीवर टाकलेले कपडे काही वाळेनात. मालकीणबाई रोज सकाळी न सांगता कढत पाण्याची बादली दाराशी आणून ठेवत. पाणी ओसरल्यावर निघालो, तेव्हा दोन्ही बाजूंचा ऊस शेंड्यापर्यंत गाळाने माखलेला दिसला आणि कितीतरी वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

डोंबिवलीहून :
आम्ही दर गणपतीला गाडीनेच सावंतवाडीला जातो. कशेडीचा बोगदा सुरू होण्याआधीची ही गोष्ट आहे. घाटात धुके उतरले म्हणून मी चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावले होते. मागून आलेल्या एसटीच्या चालकाने पोलादपूरला चहाच्या टपरीवर मला बाजूला घेऊन समजावले, "काका, चारही दिवे लुकलुकत असले की तुम्ही वळताय की थांबलाय, हे मागच्याला कळत नाही." तेव्हापासून ते दिवे मी गाडी उभी असतानाच लावतो. काचेला आतून वाफ धरते तीही कोमट हवेने आणि ओल्या छत्र्यांमुळे. एसी सुरू करून झोत काचेवर सोडला की ती निघून जाते. पत्नी पूर्वी वर्तमानपत्राने काच पुसत असे, त्याचे फराटे समोरच्या दिव्यांत चमकत आणि उलट कमीच दिसे.

नाशिकहून :
मनाली-लेह रस्त्याने आम्ही सप्टेंबरअखेर निघालो, तेव्हा मी ६६ वर्षांचा आणि पत्नी ६३ वर्षांची होती. केलाँगला मुक्काम करून सकाळी सुमारे ४,८९० मीटर उंचीच्या बारालाचा खिंडीकडे चढू लागलो, तोच बर्फ भुरभुरू लागले. काच धुवायला फवारा मारला, तर पाणी काचेवरच गोठले आणि समोर पांढऱ्या पडद्याखेरीज काही उरले नाही. त्याच वेळी पत्नीचे डोके दुखू लागले आणि मळमळ सुरू झाली. उंचीवर असा त्रास झाला तर वर चढायचे नाही, खाली उतरायचे, हे डॉक्टरांनी निघण्यापूर्वीच बजावले होते. तरीही, इतक्या वर्षांचे स्वप्न म्हणून, मी दहा मिनिटे गाडी वळवली नाही. त्या दहा मिनिटांची बोच आजही आहे. केलाँगला परतल्यावर सायंकाळपर्यंत तिला बरे वाटले. लेह राहिले ते राहिलेच.

रत्नागिरीहून :
आमच्याकडे गाडी मी चालवते. यजमानांना मोतीबिंदूमुळे पावसातल्या रात्री समोरच्या दिव्यांचा फार त्रास होऊ लागला, तेव्हा वयाच्या ५८ व्या वर्षी मी शिकले. "थांब" असे दोघांपैकी एकाने म्हटले की दुसऱ्याने कारण विचारायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी गेल्या आषाढात ते तसे म्हणाले. रस्त्यावरून तांबडे पाणी वाहत होते, खोली कळत नव्हती. इंजिनात पाणी शिरून गाडी बंद पडली, तर पुन्हा चावी फिरवायची नसते, एवढे मला ठाऊक होते. पण ती वेळच आली नाही. एका घराच्या पडवीत आम्ही साडेतीन तास बसलो, त्या घरच्या आजींनी कुळथाचे पिठले आणि भात वाढला.